पायावरचा डोळा

कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकडे पाठ करून
माश्यांची खोली. बारा महिने पंचवीस अंश.
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट :
हरेश्वर तांडेल रोज रटरटवतो, बाटल्यांत ओततो.

आज त्याला मायक्रोस्कोपखाली दाखवली
एक माशी. मांडीवर डोळा,
लालभडक, पैलूदार,
चुकीच्या जागी अगदी बरोबर.

मी सांगू लागले :
प्रत्येक पेशीत सगळीच पोथी, पानाला पान.
एक प्रथिन येतं, एका ओळीवर बोट ठेवतं,
इथून वाच.
त्या ओळीतून आणखी बोटं निघतात.
हे बोट उंदराकडून उसनं आणलेलं,
तरी डोळा झाला तो माशीचाच.

तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
"दिसतं का तिला त्यातनं?"

माझं उत्तर अर्धवट होतं.

"आमची लेप," हात पुसत तो म्हणाला,
"पिल्लू असते तेव्हा डोळे दोन बाजूंना.
मग एक सरकत सरकत दुसऱ्याशेजारी येतो.
तिला कोण सांगतं, आता तळाला आडवी हो?"

तेच, मी म्हटलं. तसंच काहीतरी.
वहीत तारीख घातली,
खाली लिहिलं : लेप.
पातेल्याच्या बुडाला
गूळ करपायला लागला होता.