भाड्यानं दिलेलं नाव

नऊ वर्षं माझं नाव लक्ष्मीपुरीत राहत होतं
आणि मी कसबा बावड्यात.
बुधल्यांच्या मेडिकलमध्ये, कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला,
काचेच्या चौकटीत:
सुवर्णलता आण्णासो मगदूम, नोंदणीकृत फार्मासिस्ट.
महिन्याला अडीच हजार भाडं यायचं त्या नावाचं.
त्यात गॅस यायचा, पोरांच्या शिकवणीची फी जायची.
नावाखाली उभं राहून गोळ्या कोण देतं, मी विचारलं नाही.
बारावी नापास, हुशार हाताचा
कुणी पोरगा आहे, एवढं ऐकून होते.

मग आमच्या गल्लीतल्या आनसाक्का न्हाणीत पडल्या.
बीपीची एकच गोळी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी,
महिनाभर दोन्ही घेत होत्या.
पाकीट उलटं केलं तर मागं शिक्का, माझाच.
खुबा मोडला. जीव राहिला.
"तुजं नाव हाय की गं हितं," म्हणाल्या.
रागानं नव्हे. ओळखीचं दिसलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावामागोमाग कामावर गेले.
बुधले म्हणाले, कशाला त्रास बाई, भाडं वाढवून देतो.
मी म्हटलं, खुर्ची द्या.

खुर्चीत बसल्यावर कळलं, किती विसरलंय.
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढून
मोबाईल सॅनिटायझरच्या बाटलीला टेकवून
पुन्हा शिकू लागले. पडद्यावर आठ चौकोन,
मनिलात मध्यरात्र, लिमात अजून सकाळ,
सगळ्यांची इंग्रजी आपापल्या गावची.
ब्लांटायरची थोकोझानी, तिच्यामागं कोंबडा.
साठ खाटांना ती एकटी.
तिनं दाखवलं: वाचता न येणाऱ्यांना
पाकिटावर सूर्य काढून द्यायचा, चंद्र काढून द्यायचा.
मी काढले. लक्ष्मीपुरीत पाकिटागणिक सूर्य उगवले.

चौथ्या दिवशी शिरोलीच्या फाउंड्रीतला पिराजी परत आला.
"रातपाळी हाय माजी. चंद्र निघाला की माजा दिस सुरू.
ह्यो चंद्र कुणाचा, तुमचा का माजा?"

ते तसंच्या तसं ब्लांटायरला सांगितलं.
बराच वेळ नुसता कोंबडा.
मग थोको म्हणाली, आमच्याकडं रात्रीचे राखणदार आहेत.
मी त्यांना कधी विचारलंच नाही.

चंद्र खोडून आम्ही जेवणावर आलो.
एक गोल काढायचा. माझा गोल म्हणजे भाकरी,
तिचा न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा;
तो तिनं हवेतच वळून दाखवला.
भाकरीसारखा नाही अगदी. पण पोट तेच.
गोलाआधी टिंब, जेवणाआधी. गोलात टिंब, जेवल्यावर.

आता कागलहून निलोफर मुजावर येते, साडेआठच्या एसटीनं.
पाचशे तास भरायचेत तिला; आज एकशे बारावा.
पहिल्या दिवशी मी तिला गोळ्या ओळखायला लावल्या नाहीत.
गिऱ्हाईकाला म्हटलं, काकी, घरी जाऊन कशी घेणार
ते हिला सांगा.
आणि तिला म्हटलं, गप्प ऐक.
हुशार हाताचा तो पोरगा यंदा
रसायनशास्त्राला पुन्हा बसतोय.
पोत्याएवढं पुस्तक काउंटरखाली ठेवतो,
गर्दी ओसरली की उघडतो, बहुतेक वेळा डुलकी काढतो.

काल निलोफर म्हणाली, मॅडम, पास झाले की
चुलत्यांच्या दुकानाला माझं नाव हवंय.
नुसतं नाव. तीन हजार देतो म्हणतात.
मी काही बोलले नाही.
चौकट खिळ्यावरून काढून तिच्याकडं दिली, पुसायला.
उदबत्तीचा तेलकट थर बसलाय काचेवर,
ओल्या फडक्यानं निघत नाही.

ती पुसतच होती आणि आनसाक्का आल्या, काठी टेकत.
निलोफरनं हात धुतले, पाकीट घेतलं,
गोल काढला, गोलात टिंब.
आनसाक्कांनी ते डोळ्याशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.
"भाकरी करपलीया की गं तुजी."

आज रात्री थोकोला सांगायला हवं.
टिंबाचं काहीतरी करावं लागेल.