पाट्या उपटताना

बुधवारी सकाळी वारा पडला, तेव्हा
पिकअप घेऊन निघाले, पाट्या उपटायला.
आमच्या गावात हे काम माझ्याकडे. अठरा वर्षं.
पाट्याही सहा वर्षांपूर्वीच्याच, निळ्या;
कोठारात उंदरांनी कडा कुरतडलेल्या.
ऑगस्टात ओसरीवर बसून
ऑस्टरहाउस या नावाच्या वर
मीच चिकटवली एकेक पिवळी पट्टी:
पुन्हा.

रेडिओवर सिनेटर आभार मानत होता.
आवाज बसलेला, तरी लोण्यासारखा.
‘साउथ डकोटातल्या प्रत्येक स्वयंपाकघराचा मी ऋणी आहे.’
माझ्या स्वयंपाकघरात तो दोनदा बसलाय.
रुबार्बचा केक मागून घेतला,
ऑर्विलच्या गुडघ्याची चौकशी केली,
डावा की उजवा, तेही न विसरता.
दुसऱ्या खेपेला त्यानं शब्द दिला
की गावातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होणार नाही.

मार्चमध्ये झाला.
एप्रिलात, एकशे बाराव्या मैलापाशी,
दोन्हीकडे बर्फाचे ढीग,
आमची जोलीन बाळंत झाली याच पिकअपमध्ये.
नातू बरा आहे. गाव गोळा होईल असा रडतो.
सिनेटरचं कार्ड आलं अभिनंदनाचं.
मजकूर छापील, सही मात्र शाईची;
बोट ओलं करून पाहिलं मी.

काल चर्चच्या तळघरात
त्याच्या नावापुढच्या लंबगोलावर
पेन टेकवलं
आणि उचललं.
समोरच्याला दिलं असंही नाही. तो कोण, कुठला.
शेरीफ, शाळामंडळ, पाणीपट्टीचा ठराव,
सगळं काळं केलं नीट, रेघेबाहेर न जाता.
तो एक डोळा तेवढा उघडा राहिला.
यंत्रानं कागद गिळला,
ठसकासुद्धा लागला नाही त्याला.

एकतीस हजारांनी आला तो.

पेट्रोलपंपावर आर्डिस ब्यॉर्कलुंडनं हात हलवला,
‘जिंकलो की गं आपण!’
‘जिंकलो ना,’ म्हटलं.
ऑर्विललाही अजून सांगितलेलं नाही.

जमीन गोठलीय.
तारा अशा निघत नाहीत,
पाय रोवून दोन्ही हातांनी ओढाव्या लागतात,
एखादी मोडते, अर्धी आतच राहते.
दुपारपर्यंत एकशे चार मोजल्या.
पिवळ्या पट्ट्या सोलायच्या की ठेवायच्या
ते ठरवता येईना, तशाच रचल्या.

एकशे बाराव्या मैलापाशी
सवयीनं ब्रेक दाबला, हातमोजे घातले, उतरले.
वाळलेलं गवत, आणि पलीकडे
सूर्यफुलांची कापलेली धाटं.
उपटायला काही नव्हतं.
इथं यंदा मी लावलीच नव्हती.