अडीच तास

साडेपाचला डोळे उघडतात, नंदनवनातल्या पलंगावर,
कारण तिकडे आठची घंटा झालेली असते.
कूलरने रात्रभर वाळ्याचा ओला वास फेकला
तरी घसा कोरडाच.
मी गॅसवर पाणी ठेवते. नुसतं पाणी.

वहिनी दारात थबकते:
"पारा शेहेचाळीसवर, अन् तुम्ही कढत पाणी पिऊन राहिल्या?"
सोळा वर्षांत मला थंड पाणी कुणी दिलंच नाही.
लांजोउच्या शाळेत जिन्याखाली उकळत्या पाण्याचा नळ,
प्रत्येकाचा थर्मास वेगळा,
माझ्या झाकणावर चिकटपट्टी, तीन अक्षरी नाव.
त्यात भोयर कुठेच नाही.

कोपऱ्यावर तर्री-पोहे घेतले.
ठसका लागला, डोळे भरले, बरं वाटलं.
पैसे दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाले, "शिए शिए."
पोरगा म्हणाला, "शिरा नाही जी, संपला."

दुपारी पडद्याआड पडून हिशेब करते:
आत्ता सहावीचा तास. वेन्ली खिडकीशी पेंगत असेल.
तिला काळ शिकवता शिकवता मी दमले,
त्यांचं क्रियापद हलतच नाही,
काल गेलं काय, उद्या गेलं काय, तेच.
"बाई, मग कळतं कसं, माणूस गेलाय की जाणार आहे?"
असं तिनेच मला उलट विचारलं होतं.

परवा सोनेगावच्या विमानतळाकडे रिक्षा वळेल,
फाटकातून ढोबळेकाकू ओरडतील,
"कुठी चालली वं, इतक्या लवकर?"
आणि माझ्या तोंडून आपसूक निघेल
आमच्या गल्लीतलं ते जुनं वाक्य,
वेन्लीला कधीच समजावता न आलेलं:
जाऊन राहिली, काकू.
जाऊन राहिली.