बिनतारी

"आजोबा, खोल्यांना नावं द्या," उग्ने फोन पुढे करते.
व्हितेनिस एका बोटानं टाइप करतो:
डेक. इंजिनरूम. गॅली.
ती हसते, पण बदलत नाही.

स्पीकरचा दिवा लुकलुकतो.
बोटीवरच्या सवयीनं हा पेन्सिल घेऊन बसलेला:
लांब, आखूड, आखूड, लांब...
"तो काही म्हणत नाहीये. वाय-फाय शोधतोय."
"शोधतोय म्हणजे म्हणतोयच की."

शेवटी जुळतं.
क्लाइपेडाच्या चौथ्या मजल्यावर अकॉर्डियन घुमतं,
गॅलीत किंचित मागून,
लांबच्या जहाजानं जबाब द्यावा तसं.

सव्वासातला तो सगळं बंद करतो.
उग्ने राउटरकडे धावते.
"राहू दे. तीनच मिनिटं.
तासातून दोनदा सगळ्या बोटी गप्प बसायच्या,
अख्खा बाल्टिक,
कुणाची बारीकशी हाक बुडू नये म्हणून."

ती तशीच उभी, हातात वायर
(बिनतारीलाही भिंतीपर्यंत एक लागतेच).
फ्रिज घरघरतो.
खाली कुणी सायकल लावतं.
मग भिंतीपलीकडून
शेजारच्या बाईंचा खोकला,
कोरडा, थांबून थांबून,
आणि पुन्हा.

व्हितेनिस वेळ लिहून घेतो: १९:१७.
चपला शोधायला लागतो.