नानेटीची बरणी

शाळेच्या प्रयोगशाळेतलं सामान निर्लेखित झालं
तेव्हा मी ही बरणी मागून घेतली.
एकोणतीस वर्षं तिच्यावरची धूळ मीच पुसली होती.
आत एक नानेटी, पांढुरकी, वेटोळं घालून;
दरसाल आठवीची पोरं तिच्यापुढे एकमेकांना ढकलायची.
नानेटी पुरली बांधाच्या कडेला.
बरणी राखेनं घासली, तीन दिवस पत्र्यावर उपडी ठेवली.
निंभोऱ्याचं मे महिन्यातलं ऊन,
त्यात वाससुद्धा टिकत नाही.

मग गल्लीतली तीन पोरं कामाला लावली.
भाविकानं सुकी नदीतले खडे आणले;
ओंजळभर सांगितले होते, ओढणीभर आणले.
लोकेशनं सुपडू इस्त्रीवाल्याकडून विझलेले कोळसे आणले,
निम्मे पिशवीत, निम्मे गालावर आणि माझ्या धुतलेल्या पंचावर.
तडवींचा अमान काही बोलला नाही.
तो केळीच्या बागेत गेला,
जिथे ठिबकची नळी एका जोडापाशी बारमाही गळते,
आणि चमच्यानं अलगद सोडवून
शेवाळाची एक पोळी घेऊन आला,
रुमालात झाकून, गरम असल्यासारखी.

हंसराज मात्र मीच काढला,
चौधरींच्या जुन्या विहिरीच्या तिसऱ्या पायरीवरून.
गुडघे कुरकुरले. तळाला पाणी नव्हतं,
पण दगडाच्या सांदीत ओल होती,
घरात कुणाला न सांगता बाजूला ठेवलेल्या पैशांसारखी.

खडे, कोळसा, गाळ, शेवाळ.
फुटक्या बांगडीचा तुकडा. भाविका म्हणाली, हा पूल.
पुलाखाली नदीच नाही, यावरून भांडण झालं.
सुकीवरच्या पुलाखाली तरी कुठंय, लोकेश म्हणाला,
आणि भांडण मिटलं.

झाकण लावलं.
"आता हिले पानी कोन देईन?"
कोणी नाही, मी म्हणालो, तिचं ती घेईल.
तिघांनी माझ्याकडे पाहिलं,
मुख्याध्यापक माझ्या रजेच्या अर्जाकडे पाहायचे तसं.

रात्री लाइट गेली.
अंगणात खाटा, हातात पुठ्ठे, गाव जागं.
अमाननं मोबाइलची बॅटरी काचेला लावली.
आतून काच घामेजली होती.
एक थेंब झाकणाखालून निघाला,
थांबला,
दुसऱ्याला भेटला, जड झाला
आणि पुलावर पडला.
बाहेर अकरा वाजता भिंतीला हात लावत नव्हता.
कुणी गप्प बसा म्हटलं नव्हतं,
तरी तिघं कुजबुजत बोलायला लागली.

बरणीवरची चिठ्ठी मी खरवडायला घेतली होती.
माझंच अक्षर, शाई उडालेली: नानेटी, मादी, अजनाड शिवार.
पोरांनी हात धरला. राहू द्या.

आता येणारा-जाणारा बरणी फिरवून फिरवून बघतो,
साप कुठंय?
"झोपेल हाये," अमान सांगतो, "शेवायाखाले."
माणसं एक पाऊल मागे सरतात.
कधीकधी मीही.