झबलं

आईच्या हाताखालून गेलेलं ते विमान
कधी जमिनीवरसुद्धा उभं राहिलं नाही.
लँकशरमध्ये, रिबल नदीच्या काठी,
कारखान्याच्या काचेच्या छपराखाली
बावीस मुली उंच टेबलांवर वाकून
साहेबांच्या पेन्सिलरेषा शाईत गिरवत.
माझी आई, एडना हॅल्सॉल, खिडकीपासून तिसरी.

ट्रेसिंगचं कापड अस्सल लिननचं असे,
निळसर, खळ घालून कडक केलेलं.
त्यावर खडूची पूड चोळायची, श्वास रोखायचा
आणि पंखाची पुढची कड एका दमात ओढायची.
चुकलं तर दाढीच्या पात्याने खरवडायचं.
बॉम्बच्या कप्प्याचं दार तिने चार वेळा खरवडलं,
कारण वरून दर महिन्याला पत्र यायचं:
थोडं लांब करा. अजून एक मावायला हवा.

कुणाच्या गावावर, ते पत्रात नसे.
"पूल," ऑर्मरॉडसाहेब म्हणत. "पूल आणि धावपट्ट्या."
झाडांच्या शेंड्यांवरून, रडारच्या नजरेखालून,
जाऊन परत येण्यापुरतं इंधन.
मी एकदा विचारलं आईला, भीती नाही वाटली?
म्हणाली, वाटायची ना. शाईचा ठिपका पडायची.

विमानाला नुसता नंबर होता.
नाव ठेवायच्या आधीच लंडनने नावं ठेवली:
महाग आहे, उशीर झालाय,
आता क्षेपणास्त्रांचे दिवस.
एका मंगळवारी, चहाची गाडी फिरायच्या आत,
ऑर्मरॉडसाहेब खोलीबाहेर आले, चष्मा पुसला
आणि म्हणाले, पेनं धुऊन ठेवा.

लाकडी नमुना हँगरमध्येच करवतीने कापला.
शेपटी क्रॉस्टन सुताराने घरी नेली, तिचं खुराडं केलं;
कोंबड्या म्हणे महिनाभर आत जाईनात.
कागद भट्टीत गेले. कापडं मोजून जाळायची होती.
आईने मोजणीत एक चूक केली,
नोकरीतली पहिली आणि शेवटची.

रात्रभर भिजवलं, सकाळी उकळलं.
खळ गेली, शाई गेली,
हातात उरलं मलमलीसारखं मऊ काहीतरी.
मी तेव्हा पोटात होते, चौथा महिना,
कुणालाच सांगितलेलं नव्हतं.
मानेला बंद, काखेत कळी,
तिने माझं झबलं बेतलं.
बारसं झालं ते माझं, त्या कापडात.

फक्त खालच्या काठाशी एक रेघ राहिली,
फिकट, करडी, जराशी वाकलेली.

रविवारी ऑर्मरॉडसाहेब केक घेऊन आले.
ते तेव्हा फ्रिजची दारं काढत होते.
मला मांडीवर घेतलं, काठावरून अंगठा फिरवला,
थांबले,
पुन्हा फिरवला.
"एडना," ते म्हणाले, "इथे अर्धा अंश कमी हवा होता."
आई काही बोलली नाही. चहा ओतत राहिली.
आणि मी त्यांची राखाडी विजार भिजवली.
त्या विमानाने केलेला एकुलता एक हल्ला.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात,
आणि इथेच थांबावं हे मलाही कळतं.
पण जे पूल त्याच्या वाट्याचे होते
ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेले असतील,
दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टेबलावर,
कुणी मुलगी श्वास रोखून रेघ ओढत असताना.
तिची कापडं कुणी धुतली नाहीत.

झबलं माझ्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.
नातवाला घालून पाहिलं, डोकंच आत जाईना.
उजेडाकडे धरलं तर रेघ अजून दिसते.
तो अर्धा अंश मात्र मला दिसत नाही.
तिरकं धरून बघते, मग चष्मा बदलून.