शेपूचा वास

महाप्याला रात्रपाळीत दिवा लावायच्या आधी
वीस मिनिटं नायट्रोजन सोडावा लागतो,
नाहीतर आतल्या हवेचा ओझोन होतो
आणि तो आरसे खातो.
तेवढ्यात माझा चहा.
मी हेमांगी नाखवा. डावखुरी.
लिहिता लिहिता मनगटाने शाई पुसत जाणारी.

मग यंत्र उजेडाला पीळ घालतं,
एकदा डावा, एकदा उजवा,
सेकंदाला पन्नास हजार वेळा,
आणि द्रावणाला विचारतं:
यातला कुठला जास्त प्यायलास?
ज्यांचं आरशातलं रूप त्यांच्यावर तंतोतंत बसतं
ते दोन्ही सारखेच पितात, त्यांची रेघ सपाट.
बाकीचे डावं-उजवं करतात.
फरक केसाएवढा.
तेवढाच कागदावर उमटतो.

आज ड्रमवर लिहिलेलं: पुदिना, टूथपेस्टसाठी.
रेघ उलटी आली.
जिथे दरी हवी तिथे टेकडी.
क्वार्ट्झची कुपी धुतली, वाळवली, पुन्हा भरली.
पुन्हा टेकडी,
खिडकीबाहेर पारसिकची असते तशी, ठाम.

घरतमामांना हाक मारली.
बावीस वर्षं तुर्भ्याच्या भाजी मार्केटात पाट्या उचलून
आता आमचे ड्रम चढवतात.
झाकण उघडलं, एकदाच हुंगलं.
"यो त शेपू हाय गो."

अणू तेच, वजन तेच,
एका कार्बनापाशी वळण तेवढं दुसरीकडे.
यंत्राला पंच्याऐंशी लाख मोजलेत.
मामांच्या नाकातही हातमोजे असणार,
डाव्यात उजवा हात शिरत नाही असे.

पहाटे, कोणी सांगितलं नसताना,
मी दोन्ही निम्मे निम्मे मिसळले.
रेघ आडवी झाली,
कुपीत काहीच नसल्यासारखी.
वास मात्र दोन्ही येत होते.
चौथीपर्यंत मी उजव्या हाताने लिहायचे,
पट्टीच्या धाकाने. अक्षर बरं होतं.
डावलणं हा शब्द कुठून आला
हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

अहवालात लिहिलं: माल नामंजूर, विरुद्ध रूप.
"मंग शेपू म्हणून इका," मामा म्हणाले.
मी हसले, सही केली,
आणि नेहमीसारखी
पुसली गेली तीही थोडी.